कपाट चार, खण दोन

जयपूरच्या प्रताप नगरातल्या स्नेहबंध मराठी मंडळाचा संगणक मेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. माणसासाठी हे काही जायचं वय नव्हे, पण संगणकांमध्ये त्याची पणतवंडंसुद्धा केव्हाच भंगारात गेली होती. पंढरीनाथकाकांनी रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीप्रमाणे बटण दाबलं, आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि पुढचं बोलणं राहूनच गेलं. काका अर्धा तास समोर बसून राहिले. मग त्यांनी पडद्यावर त्याचं नेहमीचं फडकं घातलं, चारही कोपरे नीट ओढले, आणि निनादला फोन लावला.

"निनाद, तू कॉम्प्युटर शिकवतो ना बे?"

"शिकवतो. मतलब... शिकवतो."

त्या 'मतलब'मध्ये बरंच काही होतं. सत्तावीस वर्षांचा निनाद घराजवळच्याच एका कोचिंग क्लासात पटवारी भरतीच्या मुलांना संगणक शिकवायचा, म्हणजे संगणकावर येणारे प्रश्न शिकवायचा. वर्गात दीडशे मुलं होती आणि संगणक एकही नव्हता. डेटाबेस म्हणजे काय, याची चार उत्तरं निनादला तोंडपाठ होती, त्यातलं बरोबर कोणतं तेही ठाऊक होतं. डेटाबेस मात्र त्याने जन्मात पाहिला नव्हता. इथल्या भरतीच्या परीक्षेत चार पर्यायांच्या शेजारी पाचवाही एक गोल असतो. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याने तो काळा करायचा. नुसतं गप्प बसलं तर गुण कापतात. "यहाँ चुप रहने का भी गोला भरना पड़ता है," असं निनाद वर्गात सांगायचा आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

मंडळाचं वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, सहा लोखंडी कपाटं आणि अकराशे बावन्न मराठी पुस्तकं. बँकेतले, विम्यातले, रेल्वेतले लोक बदली होऊन जयपूरला यायचे, येताना पुस्तकं आणायचे, आणि पुढची बदली झाली की सामान कमी करण्यासाठी ती मंडळाला भेट द्यायचे. अशा रीतीने लोक जात राहिले आणि पुस्तकं साचत राहिली. पंढरीनाथकाका तिथले ग्रंथपाल. मूळचे बडनेऱ्याचे, अख्खी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. वाचनालयही त्यांनी पार्सल ऑफिसासारखंच चालवलं. पुस्तकाला ते पुस्तक म्हणत नसत, नग म्हणत. नग आला की आवक, गेला की जावक. नोंदीशिवाय नग जागचा हलला तर त्यांना जेवण जात नसे.

ही नोंद ठेवायचा प्रोग्राम दिनकर सरांनी केलेला. दिनकर सर बँकेत अधिकारी होते, हौशी होते, आणि त्यांच्यापाशी विंडोजवर चालणारं एक डेटाबेस सॉफ्टवेअर होतं. त्यात त्यांनी चार बटणं बसवली: आवक, जावक, शोधा आणि निरुपयोगी. मग त्यांची बदली झाली. काकांना संगणकातलं एवढंच येत होतं, पण ही चार बटणं ते हार्मोनियमवाल्याच्या सराईतपणे दाबत.

"मग नवा कॉम्प्युटर घ्यायचा," निनाद म्हणाला.

"आला ना. रणजीतनं दिला."

रणजीत म्हणजे मंडळाचा दिलदार माणूस. त्याचं एक ऑफिस नुकतंच बंद पडलं होतं, आणि तिथला लॅपटॉप त्याने लगोलग मंडळाला दान करून टाकला होता. निनादने पाहिला. पाठीवर उष्टं सफरचंद होतं.

"काका, हा मॅक आहे."

"चांगला नाही का?"

"चांगलाय. पण आपला प्रोग्राम याच्यावर चालत नाही. तो फक्त विंडोजवर चालतो."

"काऊन? पडदा आहे, बटणं आहेत."

निनादने विचार केला. या प्रश्नाला चार पर्याय असते तर त्याने उत्तर दिलं असतं.

एरवी ही गोष्ट इथेच मिटली असती, पण त्याच आठवड्यात अलकाताईंची नोटीस लागली होती. अलकाताई मंडळाच्या अध्यक्ष. सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी बंगल्यात राहायच्या, त्यामुळे त्यांच्या साध्या निरोपालाही परिपत्रकाचा वास यायचा. नोटिशीत म्हटलं होतं की वाचनालयाची खोली बहुउद्देशीय करायची आहे. उद्देश नंतर ठरतील. मात्र गेल्या वर्षभरात किमान तीस सभासदांनी पुस्तकं नेली असतील, तर समिती फेरविचार करील. पुस्तकांची आणि वाचकांची छापील यादी महिनाअखेरच्या सभेत द्यावी. न दिल्यास पुस्तकं रणजीत यांच्या शहराबाहेरच्या कानोत्याच्या शेतावर, पंपाच्या खोलीत हलवण्यात येतील. पंपाची खोलीही रणजीतने दिलदारपणेच देऊ केली होती.

"यादी काढून दे बाप्पा," काका म्हणाले. "खोली गेली तर रविवारी मी जाऊ कुठं? घरी बसलो की तुही काकू विचारते, बरं वाटत नाही का."

निनाद काकांच्या मांडीवर बसून लहानाचा मोठा झाला होता असं काही नव्हतं. काका त्याला एकंदर वर्षातून तीन वेळा भेटायचे आणि दर वेळी विचारायचे, पगार किती. पण त्या दिवशी त्यांनी ते विचारलं नाही, आणि निनादला उगाच अपराधी वाटलं. तो 'बघतो' म्हणाला.

जुन्या संगणकातून डिस्क निघाली, डिस्कमधून फाइल निघाली. इथवर सगळं एका दुपारी झालं, आणि निनादला वाटलं आपण हुशार आहोत. हे वाटणं साधारण चहा येईपर्यंत टिकलं.

मॅकवर चालेल असा पर्याय शोधायचा होता. पहिला मार्ग म्हणजे मॅकच्या पोटात विंडोजच बसवणं. पण पोटात जागा नव्हती. रणजीतच्या ऑफिसच्या उद्घाटनाचे साडेसहा हजार फोटो होते आणि ते पुसायला रणजीत तयार नव्हता. "यादें हैं भाई," तो म्हणाला. दुसरा मार्ग म्हणजे मॅकसाठीचा मोठा, नावाजलेला डेटाबेस. तो म्हणाला, जुन्या फाइली आम्ही घेत नाही, नव्याने सुरुवात करा. हे निनादला क्लासमधल्या नापास मुलांच्या वडलांसारखं वाटलं. तिसरं एक छोटं ॲप होतं, फाइल देण्याआधीच त्याने नमुन्याची पंचवीस पुस्तकं दाखवली, आणि सव्विसाव्याच्या जागी कुलपाचं चित्र काढलं. इंटरनेटवर निनादचा हाच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी चौदा वर्षांपूर्वी विचारलेला सापडला. खाली एकाने लिहिलं होतं, तुम्हाला हे करायचंच कशाला आहे? दुसऱ्याने लिहिलं होतं, मलाही हीच अडचण आहे. त्यानंतर दोघंही परत आलेले नव्हते.

शेवटी एका फुकटच्या ऑफिस संचात डेटाबेसही असतो असं कळलं. त्याला फाइल दिली तर त्याने पासवर्ड मागितला. निनादने कराडला फोन केला. दिनकर सर निवृत्त होऊन तिथे स्थायिक झाले होते.

"पासवर्ड ना?" सर उत्साहाने म्हणाले. "लिहून ठेवलाय मी. अगदी व्यवस्थित."

"कुठे, सर?"

"त्यातच आहे. चौथ्या तक्त्यात."

निनादने पासवर्ड मागणाऱ्या पडद्याकडे पाहिलं.

"चालू आहे होय अजून वाचनालय?" सरांनी विचारलं. "वाचतं का रे कुणी? मी तर सतरा-अठरा वर्षांत पुस्तक हातात धरलं नाही. डोळ्यांतून पाणी येतं."

पुढे तीन दिवस शोधल्यावर आणखी एक चिमुकलं साधन सापडलं, त्याने पासवर्ड न विचारताच फाइल उघडली. दिनकर सरांना हे सांगितल्यावर ते दुखावले. म्हणाले, चांगला बारा अक्षरी होता.

फाइल उघडली, पण मराठी दिसेना. सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि टिंबांचा चिवडा होता. ते पाहून निनाद पहिल्यांदाच हसला, कारण हा चिवडा त्याच्या ओळखीचा होता. इथे सरकारी टायपिंगच्या परीक्षेला जो जुना हिंदी फॉन्ट लागतो, त्यातच काकांनी वर्षानुवर्षं पुस्तकांची नावं भरली होती. त्या फॉन्टचं नव्या लिपीत रूपांतर करून देणारी दुकानं प्रताप नगरात कोचिंगच्या रांगेत पाच होती. चिवडा एका टोकाने आत गेला आणि दुसऱ्या टोकाने वाचनालय बाहेर आलं: कपाट एक, खण एक, प्रवासवर्णनं. चार बटणं तेवढी वाटेत गळाली. घर जसंच्या तसं मिळालं, फक्त दारं-खिडक्या नव्हत्या. निनादने स्वतःच्या हाताने एक कामचलाऊ खिडकी केली. पुस्तक, वाचक, तारीख, सभासद क्रमांक. जुन्या प्रोग्रामात एक जरी रकाना रिकामा राहिला तरी लाल पाटी यायची आणि पुढे जाऊ द्यायची नाही. निनादच्या खिडकीला तसलं काही जमत नव्हतं. तिला काहीही चालायचं.

मग त्याने वाचकांची यादी काढली. तीस हवे होते. एक्केचाळीस निघाले.

तो उठून गॅलरीत जाऊन आला. परत मोजले. एक्केचाळीस. वर्षात पुस्तकं गेली तीनशे चौऱ्याऐंशी. आईला हाक मारून सांगावं म्हणून तो सभासद क्रमांकाने लावलेली ती यादी वाचायला लागला, आणि पहिल्या क्रमांकाशीच थबकला. सर्वांत जास्त वाचणारे सभासद होते दिनकर सर: बावीस पुस्तकं. कराडहून. डोळ्यांतून पाणी येत असताना.

दुसरे गजानन, म्हणजे निनादचे बाबा: एकोणीस. बाबा विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून फक्त औषधांच्या आतली घडीची चिठ्ठी वाचायचे. आई मधुमती: नऊ. अलकाताई: सतरा. मंगेश सबनीस: चौदा, त्यातली चार ऐतिहासिक. मंगेश सबनीस वारले त्याला आठ वर्षं झाली होती; निनाद स्वतः त्यांच्या तेराव्याला जेवला होता. गेल्यानंतर त्यांचं वाचन वाढलेलं दिसत होतं. पुस्तकंही ते वेळेवर परत करत होते, जे हयातीत त्यांनी कधी केलं नव्हतं.

एकोणतिसाव्या क्रमांकावर निनाद होता. अकरा पुस्तकं. एक कुंडीतली भाजी कशी वाढवावी याबद्दल.

सगळ्या जावक नोंदी रविवारच्या. दर रविवारी आठ. आवक पुढच्या रविवारी, आठ.

निनाद यादी घेऊन वाचनालयात गेला. काका कपाटाच्या कडीला तेल घालत होते.

"काका, हे काय आहे?"

"निघाली?" काकांनी हात पुसून यादी घेतली आणि हातभर लांब धरली. "एक्केचाळीस. झ्याक झालं की!"

"काका, मी अकरा पुस्तकं वाचलीत."

"हाव. तुले सोपी दिली मी. तुहं मराठी कच्चं आहे ना."

"पण मी वाचलेली नाहीत!"

"तू नाही वाचली. तुह्या नावावर मी वाचली." काकांनी तेलाची बाटली बंद केली. "बस. उभा राहून ओरडू नको, खालच्या कपाटात कविता आहेत."

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात ना लाज होती ना शौर्य. चौथं बटण निरुपयोगी. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मंडळाने ठराव केला की जे पुस्तक तीन वर्षांत एकदाही बाहेर गेलं नाही ते निरुपयोगी समजून रद्दीत द्यावं. ते बटण दाबलं की अशा पुस्तकांची यादी आपोआप यायची. पहिल्याच वर्षी दोनशे सात पुस्तकं गेली. काकांनी ती स्वतः बांधली, नग मोजले, आणि रद्दीवाल्याच्या हातगाडीबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

"कुणी केला हा ठराव?"

"तुह्या बापानं. म्हणे, तीन वर्षं हप्ता नाही आला तर पॉलिसीही बुडते."

त्यानंतर काकांनी हिशेब मांडला. उरली अकराशे बावन्न. तीन वर्षांत प्रत्येक नग एकदा तरी बाहेर गेला पाहिजे. म्हणजे आठवड्याला आठ. वर्षातले चार रविवार आजारपणाला. लोक यायचे बंद झालेले. ज्यांची बदली झाली त्यांची नावं कुणी काढली नव्हती, आणि नाव असेपर्यंत माणूस सभासद असतो. म्हणून ते दर रविवारी आठ पुस्तकं थैलीत घालून स्कूटरवर घरी न्यायचे आणि पुढल्या रविवारी परत आणायचे.

"पण मग नुसती नोंद करायची ना. वाचायची कशाला?"

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की निनादला आपण तिकीट नसताना पकडलो गेल्यासारखं वाटलं.

"खोटी नोंद करू? बत्तीस वर्षं पार्सलमध्ये काढली मी."

"आणि कुंडीतली भाजी?"

"तुहं लग्न जमून नाही राहिलं. म्हटलं, निदान मेथी तरी लाव."

"ह्यात तुमचं नाव कुठाय?" निनादने विचारलं. एक्केचाळिसांत पंढरीनाथ नव्हते. त्याने अख्ख्या एकोणीस वर्षांच्या नोंदी शोधल्या होत्या, कुठेच नव्हते.

"मी कर्मचारी. पार्सल बाबू आपल्या नावानं पार्सल नाही बुक करत." मग जरा थांबून, "यादी देशील ना सभेत?"

यादी द्यायची म्हणजे अलकाताईंच्या हातात त्यांनी न वाचलेली सतरा पुस्तकं द्यायची. न द्यायची म्हणजे पंपाची खोली. खरी द्यायची म्हणजे तिच्यावर एकही नाव नाही. निनादने तीनही बाजूंनी विचार करून पाहिला आणि मग पाचवा गोल काळा केला: छापली, आणि काहीही न बोलता टेबलावर ठेवली.

सभेला एकवीस माणसं होती. त्यातली बहुतेक नंतरच्या साबुदाणा वड्यांसाठी आली होती. अलकाताईंनी चष्मा लावला. वाचक दोन-तीन निघतील, अशा अंदाजाने त्यांनी आवाज खेद व्यक्त करण्याच्या पट्टीत आधीच लावून ठेवला होता.

"दिनकर... बावीस." त्यांनी मान वर केली. "हे तर कराडला असतात ना?"

"येत-जात असतील," कुणीतरी म्हणालं.

"गजानन, एकोणीस."

आईने बाबांकडे वळून पाहिलं. बाबांनी सभेकडे पाहिलं. वीस चेहरे त्यांच्याकडे आदराने बघत होते. निवृत्त झाल्यापासून असं त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"एकोणीसच?" बाबा म्हणाले. "कमी आहेत यंदा. मधे मान आखडली होती."

"अहो, तुम्ही कधी..." आईने सुरू केलं.

"मधुमती, नऊ," अलकाताईंनी वाचलं, आणि आई अर्ध्यावर थांबली. "वेळच कुठे मिळतो हो," ती म्हणाली.

पुढच्या ओळीवर अलकाताईंची जीभ अडखळली. "अलका... सतरा."

स्वयंपाकघरातलं वड्यांचं तेल तेवढं ऐकू आलं.

"वा, अलकाताई!" मागून एक बाई म्हणाल्या. "एवढा व्याप सांभाळून!"

अलकाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "झोपण्यापूर्वी दोन पानं," त्या म्हणाल्या. "सवयच आहे मला. पहिल्यापासून."

मग काही अडलं नाही. एकेक नाव येत गेलं आणि एकेक माणूस मान तुकवून वाचक होत गेला. एकाने तर पुस्तकाचा शेवट पटला नाही असं सांगितलं, आणि शेजारच्याने त्याच्याशी वाद घातला. मंगेश सबनीसांचं नाव आलं तेव्हा अलकाताई क्षणभर थांबल्या.

"आवड होतीच त्यांना," बाबा गंभीरपणे म्हणाले, आणि दोघातिघांनी होकार भरला.

एक्केचाळीस. टाळ्या वाजल्या. निनादने मागे पाहिलं. पंढरीनाथकाका दाराशी उभे होते, आणि त्यांचा चेहरा गाडी वेळेवर आल्यासारखा झाला होता. निनादलाही वाटलं, झालं. जमलं. आपण एक मेलेला डेटाबेस दुसऱ्या संगणकावर जिवंत केला, आणि त्याच्यामागोमाग हे सगळेही जिवंत झाले.

"अतिशय समाधानाची बाब आहे," अलकाताई म्हणाल्या. "मला एकच विचारायचंय. आपण ही पुस्तकं वाचतो कुठे? गजाननराव?"

"घरी," बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही?"

"घरीच."

"तुम्ही?"

"बिछान्यात."

"मीही घरीच वाचते. म्हणजे एक्केचाळीस वाचक आहेत, आणि खोलीत बसून वाचणारा एकही नाही. मग खोलीचं वाचनालयाला काम काय?" त्यांनी सभेवर नजर फिरवली. "पुस्तकं कानोत्याला राहिली तरी वाचकांना काय फरक पडतो? एवढं वाचणारी माणसं तिथवर सहज जातील. धरण आहे, सहलही होईल."

विरोध करायला एखाद्याने उठून मी वाचत नाही असं सांगायला हवं होतं. एकवीस माणसांनी वड्यांच्या दिशेने पाहिलं. ठराव एकमताने झाला. बाबांनी त्याला एक दुरुस्ती सुचवली: नव्या संगणकात निरुपयोगीचं बटण दिसत नाही, ते निनादने वर्षभरात बसवून द्यावं. तीही मंजूर झाली. निनादला ग्रंथपाल नेमण्यात आलं, कारण मॅक त्यालाच येत होता. पंढरीनाथकाकांना शाल देण्यात आली.

काकांनी शालीची घडी मोडली नाही. "याची आवक कुठं करू?" एवढंच त्यांनी निनादला विचारलं.

पुस्तकं खताच्या एकतीस पोत्यांत गेली. काकांनी प्रत्येक पोत्यावर रेल्वेच्या पद्धतीचं लेबल सुतळीने शिवलं: पोतं क्रमांक, नग, कपाट, खण. रणजीतच्या ट्रॅक्टरवाल्याने पंपाच्या खोलीत ओल नको म्हणून पोती उलटी रचली, लेबलं खाली, सहा थर. कपाटं बहुउद्देशीय खोलीत राहिली. त्यांच्यात सध्या सतरंज्या आहेत.

पहिल्या रविवारी निनाद आणि काका स्कूटरवरून कानोत्याला गेले. काकांच्या थैलीत आधीच्या आठवड्यातली आठ पुस्तकं होती, ती परत करायची होती. पंपाच्या खोलीत विजेचं एकच भोक होतं आणि ते मोटरचं होतं. मॅक बॅटरीवर अकरा मिनिटं चालायचा. निनादने तो पोत्यावर उघडला. आठ नग आवक झाले. सात मिनिटं उरली.

"आता जावक," काका म्हणाले. "आज पाळी कपाट चार, खण दोनची. नाही नेले तर पुढच्या महिन्यात तीन वर्षं भरतात त्यांची."

निनादने शोधलं. निर्दोष उत्तर आलं: कपाट चार, खण दोन, आठ पुस्तकं, नावांसकट. दोघांनी मान वर करून पोत्यांच्या भिंतीकडे पाहिलं. काकांनी एका पोत्याला हात लावला, ढकलून पाहिलं. ते हललं नाही. बाहेर धरणाच्या बाजूला सहलीला आलेल्या कुणाचा तरी स्पीकर वाजत होता.

"किती माणसं लागतील?" निनादने विचारलं.

"चार. आणि एक लेबल वाचणारा."

पाच मिनिटं उरली. वरच्या थरातलं एक पोतं कोपऱ्यात उसवलं होतं. निनादने मोटरच्या चबुतऱ्यावर चढून त्यात हात घातला आणि लागतील ती आठ पुस्तकं ओढून काढली. कुठल्या कपाटातली, कुठल्या खणातली, कोण जाणे. त्यांना बाहेर जायची गरज होती की नव्हती, तेही ठाऊक नव्हतं.

"कुणाच्या नावावर?" काकांनी सवयीने विचारलं. "सबनीसच्या वाट्याचे बाकी आहेत दोन."

निनादने सर्वांत वरचं पुस्तक घेऊन त्याच्या वाचकाच्या रकान्यात पंढरीनाथ लिहिलं. सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला, कारण काकांना क्रमांक नव्हताच. जुन्या प्रोग्रामाने इथे लाल पाटी दाखवली असती आणि एक पाऊल पुढे जाऊ दिलं नसतं. निनादच्या खिडकीने काही विचारलं नाही. नोंद झाली. पडदा जरा मंद झाला, आणि दोन मिनिटं बाकी असतानाच मॅक झोपी गेला.

"काका, हे तुमच्या नावावर आहे. पहिलंच."

काकांनी हात पँटला पुसून पुस्तक घेतलं. उजेडासाठी दारात गेले, हातभर लांब धरून पहिलं पान उघडलं, ओठ हलवत चार ओळी वाचल्या. मग मिटलं आणि थैलीत तळाशी घातलं.

"वाचलेलं आहे," ते म्हणाले. "तुह्या बापाच्या नावावर."